मोडलेली बरगडी, मोजका पुरावा

मागील अंकात छातीला होणाऱ्या दुखापतींवर एक लेख दिला होता. बोथट माराने छाती दुखावलेल्या रुग्णांपैकी १० टक्क्यांहूनही कमी जणांना, आणि भोसकल्याच्या किंवा गोळी लागल्याच्या दुखापतींमध्ये साधारण १५ ते ३० टक्के जणांना मोठी शस्त्रक्रिया लागते. बाकीचे वेदनाशमन, प्राणवायू, छातीत घातलेली नळी आणि डोळ्यांत तेल घालून केलेली देखरेख यांवर बरे होतात, असे त्या लेखात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांचा सूर बहुतांशी एकच आहे : हे ठरवले कोणी आणि कशावरून? म्हणून या वेळी उपचारांमागच्या संशोधनाविषयीचे प्रश्न निवडले आहेत. रुग्णाला न तपासता त्याच्याविषयी सल्ला देणे योग्य नव्हे, एवढी मर्यादा उत्तरे वाचताना ध्यानात असावी.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. जिन्यावरून पडून त्यांच्या डाव्या बाजूच्या चार बरगड्या मोडल्या. प्लेट बसवून बरगड्या जोडल्यास मृत्यूचे प्रमाण कमी होते, असे मी एका शोधनिबंधाच्या सारांशात वाचले होते. तरीही डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नाकारली आणि वेदनाशामक औषधे व श्वासाचे व्यायाम यांवरच भर दिला. वडिलांना कमी दर्जाचे उपचार मिळाले का?

उत्तर : नाही. तुम्ही वाचलेला सारांश बरोबर असेल, पण तो बहुधा वेगळ्याच रुग्णांविषयी होता.

बरगड्या प्लेट आणि स्क्रूने जोडण्याचा सर्वांत भक्कम पुरावा ज्या रुग्णांचा आहे, त्यांना ‘फ्लेल चेस्ट’ नावाची दुखापत झालेली असते. लागून असलेल्या तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, की छातीच्या भिंतीचा तेवढा तुकडा उरलेल्या पिंजऱ्यापासून सुटा होतो. मग श्वास घेताना सगळी छाती फुगत असते तेव्हा हा तुकडा आत ओढला जातो आणि श्वास सोडताना बाहेर येतो. अशा रुग्णांवरील चाचण्या २००२ मध्ये जपानमधून, २००५ मध्ये इजिप्तमधून आणि २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झाल्या. त्यांत रुग्ण होते अनुक्रमे ३७, ४० आणि ४६, म्हणजे तिन्ही मिळून १२३. शस्त्रक्रिया झालेल्यांचा अतिदक्षता विभागातील मुक्काम तिन्ही चाचण्यांत कमी भरला. मात्र जपानी आणि ऑस्ट्रेलियन चाचण्यांतील रुग्ण मुळातच व्हेंटिलेटरवर होते, आणि इजिप्तमधील चाचणीत ज्यांची शस्त्रक्रिया केली नाही त्यांच्या छातीला चिकटपट्ट्या बांधल्या होत्या. हा उपचार एरवी केव्हाच मागे पडलेला आहे, त्यामुळे त्या चाचणीतील तुलना आजच्या चांगल्या वेदनाशमनाशी झालेली नाही. तपशील बारीक वाटेल, पण निष्कर्षाचे वजन अशाच तपशिलांवर ठरते.

त्यानंतरची मोठी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅनडा आणि अमेरिकेतील अनेक रुग्णालयांतून २०७ रुग्ण तीत घेतले होते. पहिल्या २८ दिवसांतील किती दिवस रुग्ण व्हेंटिलेटरशिवाय राहिला, हे मुख्य मोजमाप होते. शस्त्रक्रियेच्या गटात हा आकडा सरासरी २२.७ दिवस आणि दुसऱ्या गटात २०.६ दिवस आला. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असे संख्याशास्त्राचे उत्तर होते. मृत्यू मात्र शस्त्रक्रियेच्या गटात एकही झाला नाही आणि दुसऱ्या गटात सहा झाले. तुम्ही वाचलेले विधान बहुधा येथूनच आले असावे. सहा मृत्यूंच्या आधारावर केवढे विधान करायचे, याबाबत मी तरी सावध राहीन. कारण दोन घटना इकडच्या तिकडे झाल्या असत्या तरी चित्र बरेच बदलले असते. याच चाचणीत एक गोष्ट अधिक विश्वसनीय वाटते, ती अशी की चाचणीत प्रवेश करतानाच जे व्हेंटिलेटरवर होते त्यांना लाभ दिसला, आणि जे स्वतःच्या श्वासावर होते त्यांना दिसला नाही. जुन्या छोट्या चाचण्यांशी हे जुळते.

आता तुमच्या वडिलांसारख्या, म्हणजे बरगड्या मोडल्या आहेत पण छातीचा तुकडा सुटा झालेला नाही आणि व्हेंटिलेटरही लागलेला नाही अशा रुग्णांविषयी. २०२० मधील एका अमेरिकन अभ्यासात ११० रुग्ण होते आणि दोन आठवड्यांनंतरची वेदना दहापैकी गुण देऊन मोजली होती. शस्त्रक्रिया झालेल्यांची सरासरी २.९ आणि न झालेल्यांची ४.५ आली. पण या ११० जणांपैकी चिठ्ठी टाकून गट ठरवू देण्यास तयार झाले केवळ २३. बाकीच्यांनी आपला उपचार स्वतः निवडला. ज्याने शस्त्रक्रिया मागून घेतली तो आपली वेदना सांगताना मनाने तटस्थ असेलच असे नाही. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांची चिठ्ठी टाकून विभागणी केलेली चाचणी प्रसिद्ध झाली, तीत तीन आणि सहा महिन्यांनी पाहता वेदनेत किंवा जीवनमानात फरक आढळला नाही.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत काळजीचा मुद्दा वेगळा होता आणि डॉक्टरांनी तो नेमका हेरला, असे मला वाटते. तो मुद्दा वयाचा. अमेरिकेतील एका ट्रॉमा केंद्राने ६५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या २७७ रुग्णांची तुलना तरुण रुग्णांशी करून २००० साली निष्कर्ष मांडले. बरगड्या मोडलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचे प्रमाण २२ टक्के, तर तरुणांमध्ये १० टक्के होते. न्यूमोनियाचे प्रमाण ३१ आणि १७ टक्के होते. वृद्धांमध्ये मोडलेली प्रत्येक जादा बरगडी मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा धोका २७ टक्क्यांनी वाढवत होती. हे आकडे पाहून घाबरू नये : ते गंभीर दुखापतींच्या केंद्रात दाखल झालेल्यांचे आहेत, घरात घसरून पडलेल्या प्रत्येकाचे नाहीत. पण त्यांतून साखळी कळते. बरगडी दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ आत साचतो, फुप्फुसाचा तळ मिटतो आणि तेथे न्यूमोनिया धरतो. ही साखळी वेदनेपाशीच तोडणे हाच त्या वयातील मुख्य उपचार आहे.

प्रश्न : आमच्या लहानपणी बरगडी मोडली की छाती पट्ट्यांनी घट्ट आवळून बांधत असत. ते आता का करत नाहीत? शास्त्र बदलले की केवळ पद्धत?

उत्तर : शास्त्र बदलले, तेही दोनदा. घट्ट बांधल्याने मोडलेली टोके हलत नाहीत म्हणून बरे वाटते, पण फुप्फुसही फुगत नाही, आणि वर सांगितलेली साखळी अधिकच लवकर सुरू होते.

फ्लेल चेस्टच्या बाबतीत बाहेरून बांधणे, आकड्यांनी बरगड्या ओढून धरणे, वाळूच्या पिशव्या ठेवणे असे सगळे करून झाले होते. १९५६ मध्ये असा विचार पुढे आला की व्हेंटिलेटरने आतून हवेचा दाब दिला तर सुटा तुकडा जागेवर राहील. हा जणू आतून लावलेला आधार. ती कल्पना इतकी पटली की पुढील जवळजवळ वीस वर्षे सुटा तुकडा दिसला की रुग्ण व्हेंटिलेटरवर, असा शिरस्ताच पडला. १९७५ मध्ये ट्रिंकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की खरा प्रश्न हलणाऱ्या तुकड्याचा नसून त्याखाली चेचल्या गेलेल्या फुप्फुसाचा आहे, आणि वेदना आवरून, शरीरात पाणी जास्त होऊ न देता, फुप्फुसाची निगा राखली तर अनेकांना व्हेंटिलेटर लागतच नाही. आज व्हेंटिलेटर लावायचा तो रक्तातील प्राणवायू आणि श्वासाची दमछाक पाहून. छातीचा तुकडा हलतो एवढ्यावरून नव्हे.

प्रश्न : मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. मोडलेल्या बरगड्यांच्या वेदनेवर पाठीच्या कण्यातून दिली जाणारी भूल, म्हणजे एपिड्युरल, सर्वोत्तम, असे आम्हाला शिकवले गेले. प्रत्यक्षात फार थोड्या रुग्णांना ते मिळालेले दिसते. संशोधन आणि व्यवहार यांत एवढे अंतर का?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर एका चाचणीच्या आकड्यांतच सापडते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत तीनपेक्षा अधिक बरगड्या मोडलेल्या रुग्णांत एपिड्युरल आणि शिरेतून दिलेली अफूजन्य वेदनाशामके यांची तुलना केली होती. एपिड्युरलच्या गटात न्यूमोनियाचे प्रमाण १८ टक्के आणि दुसऱ्या गटात ३८ टक्के आले. व्हेंटिलेटरचे दिवसही कमी भरले. निष्कर्ष एपिड्युरलच्या बाजूचा आहे यात शंका नाही. पण चाचणीच्या दारापर्यंत आलेले रुग्ण होते ४०८. त्यांपैकी २८२ जण निकषांमुळे वगळले गेले, ८० जणांची संमती मिळू शकली नाही आणि उरले ४६.

म्हणजे ज्या दुखापतीसाठी हा उपचार सर्वोत्तम म्हणून शिकवला जातो, त्या दुखापतीच्या नऊ रुग्णांपैकी जेमतेम एकावर तो तपासला गेला. वगळले जाण्याची कारणे रुग्णालयात रोज भेटणारीच असतात. पाठीच्या कण्याला मार असतो, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतात, रक्तदाब खाली गेलेला असतो, डोक्याला मार लागून रुग्ण भ्रमिष्ट असतो. अपघातग्रस्ताला एकच दुखापत असते असे क्वचितच घडते. तेव्हा तुम्हाला दिसलेले अंतर डॉक्टरांच्या अनास्थेमुळे पडलेले असेलच असे नाही, कारण ते अंतर मूळ चाचणीतही होते आणि आपण शिकताना फक्त निष्कर्ष शिकलो.

या अडचणीवर मार्ग म्हणून अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने स्नायूंच्या पदरांमध्ये भूल सोडण्याच्या पद्धती आल्या. छातीच्या बाजूने दिला जाणारा सेरेटस ब्लॉक २०१३ मध्ये आणि पाठीतून दिला जाणारा इरेक्टर स्पायनी ब्लॉक २०१६ मध्ये वर्णिला गेला. यांत सुई मज्जारज्जूच्या आसपास जात नाही, म्हणून ज्यांना एपिड्युरल देता येत नाही अशा अनेकांना त्या देता येतात. ऑस्ट्रेलियात आठ तातडी विभागांत २१० रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या वेदनाशमनाला सेरेटस ब्लॉकची जोड दिली, तेव्हा चार तासांनी पुरेसा आराम पडलेल्यांचे प्रमाण ४१ टक्के होते. जोड न दिलेल्यांत ते सुमारे २० टक्के होते. फायदा स्पष्ट आहे. पण दुसरी बाजूही वाचा : ब्लॉक देऊनही निम्म्याहून अधिक लोकांना चार तासांनी तेवढा आराम नव्हता. आणि चार तासांचा आराम न्यूमोनिया टाळतो का, हा वेगळा प्रश्न आहे; त्याचे उत्तर द्यायला याहून कितीतरी मोठ्या चाचण्या लागतील. तुमचे काम अशा वेळी मोलाचे ठरते, कारण भूल चढलेली असताना करून घेतलेला खोल श्वास आणि दमदार खोकला यांनीच त्या चार तासांचे सार्थक होते.

प्रश्न : मी परिचर्या शाखेची विद्यार्थिनी आहे. अतिदक्षता विभागात एका रुग्णाच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाभोवती थोडी हवा दिसत होती, तरी नळी घातली नाही. दुसऱ्याच्या छातीत रक्त होते, त्याला अगदी बारीक नळी घातली. पुस्तकात तर जाड नळी घालावी असे लिहिले आहे. यात योग्य काय?

उत्तर : दोन्ही निर्णयांना आधार आहे, पुस्तकाची आवृत्ती तेवढी पाहून घ्या.

आधी हवेचे पाहू. पूर्वी छातीच्या एक्स-रेवर जी हवा दिसे तिलाच आपण न्यूमोथोरॅक्स म्हणत होतो. सीटी स्कॅन सर्रास होऊ लागल्यावर एक्स-रेला न दिसणारी हवाही दिसू लागली आणि प्रश्न पडला की नव्याने दिसू लागलेल्या या हवेला जुना उपचार लागू करायचा का. व्हेंटिलेटरच्या दाबामुळे अशी हवा वाढेल, ही भीती रास्तच होती. कॅनडातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हेंटिलेटरवरील अशा १४२ रुग्णांची विभागणी चिठ्ठी टाकून नळी आणि केवळ निरीक्षण या दोन गटांत केली. श्वासाचा गंभीर त्रास होण्याच्या प्रमाणात दोन गटांत ठळक फरक आढळला नाही. निरीक्षण गटातील सुमारे चौथ्या हिश्श्याला पुढे नळी लागली, आणि ज्यांना पाच दिवस किंवा त्याहून अधिक काळ व्हेंटिलेटर लागला त्यांच्यात हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत गेले. तेव्हा ‘नळी घातली नाही’ याचा अर्थ ‘काही केले नाही’ असा घेऊ नका. त्या रुग्णाकडे दर तासाला पाहणारी परिचारिका हाच तेथे उपचार आहे, आणि असे पाहणारे कोणी नसेल तेथे, किंवा रुग्णाला लांबच्या प्रवासाला न्यायचे असेल तेव्हा, या चाचणीचा दाखला देऊन नळी टाळणे मला धोक्याचे वाटते.

आता नळीची जाडी. नळ्यांचे माप फ्रेंच या एककात असते आणि एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. म्हणजे ३६ फ्रेंचची नळी १२ मिलिमीटर जाड, तर १४ फ्रेंचची पाच मिलिमीटरहूनही बारीक. रक्त गोठून बारीक नळी तुंबेल म्हणून जाडच घालावी, हा तर्क पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. २०१२ मधील एका अभ्यासात २८ ते ३२ आणि ३६ ते ४० फ्रेंच या मापांची तुलना केली असता रक्ताचा निचरा, गुंतागुंत किंवा वेदना यांत फरक दिसला नाही. पुढे १४ फ्रेंचची वेटोळ्या टोकाची नळी तपासली गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांतील ११९ रुग्णांच्या चाचणीत तिने जाड नळीइतकेच काम केले आणि ती घालताना रुग्णांना त्रास कमी झाला. येथेही रुग्ण कोण होते ते पाहावे लागते. ज्यांची प्रकृती स्थिर होती आणि नळी घालायला सवड होती, तेच या चाचणीत होते. रक्तदाब कोसळत असलेला, छातीत भळाभळा रक्तस्राव होत असलेला रुग्ण तीत नव्हता, आणि त्याच्यासाठी जाड नळीच हाताशी ठेवलेली बरी.

एक सावधगिरी आणखी. दुखापतीशिवाय आपोआप झालेल्या न्यूमोथोरॅक्समध्ये नळीविना भागते, हे ३१६ रुग्णांच्या एका चांगल्या चाचणीने २०२० मध्ये दाखवले आहे. वर्गात कोणी ती चाचणी अपघाताच्या रुग्णाला लावू लागले तर त्याला थांबवा. आणि दाब वाढून हृदयावर ताण आणणारा टेन्शन न्यूमोथोरॅक्स समोर असेल तर कोणत्याही चाचणीची वाट न पाहता हवा तत्काळ मोकळी करायची असते.

प्रश्न : मी गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. ४०, ४६, १४२ अशा संख्यांवर आपण एवढे निष्कर्ष काढता, याचे आश्चर्य वाटते. रुग्णालयांकडे हजारो रुग्णांच्या नोंदी असताना त्याच का वापरत नाहीत?

उत्तर : वापरतात, आणि त्यांतून निघालेले शोधनिबंध चाचण्यांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. पण त्यात एक असा सापळा आहे की आपल्यासारख्या वाचकाला तो उदाहरणानेच सांगितलेला आवडेल.

समजा, एकसारख्या दुखापतीचे १०० रुग्ण आले आणि बरगड्या जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा काडीचाही उपयोग होत नाही, असे गृहीत धरू. पहिल्या दोन दिवसांत दहा जण दगावले. तिसऱ्या दिवशी उरलेल्या ९० पैकी ३० जणांची शस्त्रक्रिया झाली. पुढे शस्त्रक्रिया झालेल्यांत आणि न झालेल्यांत सारखेच, म्हणजे १० टक्के मृत्यू झाले. आता नोंदवही उघडू. शस्त्रक्रिया झालेले ३०, त्यांत मृत्यू ३, म्हणजे १० टक्के. शस्त्रक्रिया न झालेले ७०, त्यांत मृत्यू आधीचे १० आणि नंतरचे ६ मिळून १६, म्हणजे जवळजवळ २३ टक्के. निरुपयोगी शस्त्रक्रियेने मृत्यू निम्म्याहून खाली आणले, असा निष्कर्ष नोंदवहीतून निघाला! कारण एवढेच की तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हायची तर तिसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असावे लागते. नोंदी हजारांच्या ऐवजी लाखांच्या घेतल्या तरी ही चूक कमी होत नाही. उलट आकडा अधिक नेमका आणि म्हणून अधिक फसवा दिसतो. ही चूक टाळण्याच्या संख्याशास्त्रीय रीती आहेत, पण त्या वापरल्या आहेत की नाही हे सारांशात दिसत नाही, ते निबंधाच्या पोटात शिरून पाहावे लागते.

दुसरीकडे, मोठ्या चाचण्या अशक्य आहेत असेही नाही. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या औषधाची, ‘क्रॅश-२’ नावाची चाचणी ४० देशांतील २०,२११ रुग्णांवर झाली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. औषध दिलेल्यांत मृत्यू १४.५ टक्के, न दिलेल्यांत १६ टक्के. दीड टक्क्याचा हा फरक शंभर-दोनशे रुग्णांत कधीच दिसला नसता. पण ते औषध होते. सारख्याच दिसणाऱ्या बाटल्यांतून औषध आणि नुसते सलाइन देता आले, आणि द्यायला कौशल्य लागले नाही. शस्त्रक्रियेचे तसे नसते. छातीवरची जखम लपवता येत नाही, शल्यविशारदांचे हात सारखे नसतात, आणि दोन उपचारांपैकी कोणता बरा हे आपल्याला ठाऊक नाही असे प्रांजळपणे मानणारा शल्यविशारद मिळणे हीदेखील अडचण असते.

चिठ्ठीऐवजी सम-विषम तारखांवर गट ठरवूनही एक महत्त्वाचे काम झाले आहे. ह्यूस्टन शहरात धडाला भोसकल्याच्या किंवा गोळीच्या जखमा झालेल्या, रक्तदाब उतरलेल्या ५९८ रुग्णांपैकी काहींना रस्त्यातच सलाइन सुरू केले आणि काहींना शस्त्रक्रियागृहात पोहोचेपर्यंत थांबवून. १९९४ मध्ये निष्कर्ष आले : सलाइन उशिरा मिळालेल्यांपैकी ७० टक्के वाचले, लगेच मिळालेल्यांपैकी ६२ टक्के. तारीख पाहून गट आधीच कळतो, हा या पद्धतीचा दोष आपल्या ध्यानात आलाच असेल. तरी रस्त्यावर ओतल्या जाणाऱ्या सलाइनकडे त्यानंतर पूर्वीसारखे कोणी पाहिले नाही.

प्रश्न : माझा भाऊ अपघातानंतर बेशुद्ध होता. त्याला एका संशोधनात सामील केले आहे, हे आम्हाला नंतर कळवले गेले आणि सही मागितली. त्याच्यावर विनापरवानगी प्रयोग झाला, अशी माझ्या मनात सल आहे.

उत्तर : तुमची सल समजण्यासारखी आहे आणि तिला ‘नियमात बसते’ एवढे उत्तर पुरेसे नाही. तरी नियम आधी सांगतो. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या, १९६४ पासूनच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात अशा परिस्थितीचा विचार केलेला आहे. रुग्ण संमती देऊ शकत नाही ती अवस्थाच संशोधनाचा विषय असेल, नातेवाईक उपलब्ध नसतील आणि थांबण्याइतका वेळ नसेल, तर संशोधन सुरू करता येते. मात्र त्याची कारणे आराखड्यात आधी नमूद केलेली असावी लागतात, नीतिसमितीची मान्यता असावी लागते, आणि रुग्ण शुद्धीवर येताच किंवा नातेवाईक भेटताच संमती मागावी लागते.

वेळ नसतो म्हणजे किती, हे क्रॅश-२ चाचणीच्याच आकड्यांवरून पाहा. दुखापतीनंतर पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने मृत्यू ५.३ टक्के आणि न मिळालेल्यांत ७.७ टक्के होते. तीन तास उलटल्यावर चित्र पालटले : औषध मिळालेल्यांत ४.४ टक्के, न मिळालेल्यांत ३.१ टक्के, म्हणजे उशिरा दिलेले औषध अपायकारक ठरले. नातेवाइकांना शोधून, समजावून, सही घेऊनच चाचणी करायची असे ठरले असते, तर पहिल्या तासातील रुग्ण तीत फारच थोडे आले असते आणि औषधाचा गुण झाकला जाऊन अवगुणच ठळक दिसला असता.

तुम्ही आज काय करू शकता? नीतिसमितीच्या मान्यतेची प्रत, रुग्णासाठीचे माहितीपत्रक, भाऊ कोणत्या गटात होता आणि त्याला कोणते उपचार मिळाले, ही माहिती मागा. गट उघड न करण्याची चाचणी असेल तर तसे तुम्हाला सांगितले जाईल. संमती देणे बंधनकारक नाही. नाकारल्यास किंवा पुढे कधीही माघार घेतल्यास भावाच्या उपचारांत फरक पडता कामा नये. शुद्धीवर आल्यावर भावाला स्वतःला विचारले पाहिजे, तुमची सही त्याच्या वतीची आहे. आणि हे सगळे विचारताना कोणी टाळाटाळ केली तर थेट नीतिसमितीला लिहा. ती त्यासाठीच असते.

प्रश्न : माझ्या तीन बरगड्या मोडून आठ महिने झाले. ‘सहा आठवड्यांत बरे व्हाल’ असे सांगितले होते. अजून खोकताना कळ येते. हे माझ्या मनाचे खेळ आहेत, असे घरच्यांना वाटते. यावर काही संशोधन आहे का?

उत्तर : आहे, आणि ते तुमच्या बाजूचे आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २०३ रुग्णांच्या एका पाठपुराव्यात दोन महिन्यांनंतरही ५९ टक्के जणांना छातीत वेदना होती आणि ७६ टक्के जणांच्या हालचालींवर किंवा कामावर मर्यादा होत्या. सहा आठवड्यांचा हिशेब हाड जुळण्याचा आहे. बरगडीखालून जाणारी नस दुखावली असेल तर ती तो हिशेब पाळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक चाचण्या मृत्यू, न्यूमोनिया आणि रुग्णालयातील दिवस मोजतात आणि रुग्ण घरी गेला की वही मिटतात, म्हणून तुमच्यासारख्यांचा त्रास फार काळ नोंदींच्या बाहेरच राहिला.

मात्र आठ महिने हा काळ दोन महिन्यांपेक्षा बराच मोठा आहे, तेव्हा पुन्हा तपासून घ्या. खोकताना किंवा कुशीवर वळताना नेमक्या एकाच जागी काही सरकल्यासारखे, ‘कट्’ झाल्यासारखे जाणवते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तसे असेल तर हाड जुळले नसण्याची शक्यता असते. साध्या एक्स-रेमध्ये ते निसटू शकते आणि सीटी स्कॅनमध्ये कळते. त्या जागची त्वचा बधिर किंवा झोंबरी असेल तर कारण बहुधा नसेचे असते आणि त्याची औषधे नेहमीच्या वेदनाशामकांहून वेगळी असतात. ताप, वाढती धाप किंवा खोकल्यातून रक्त यांपैकी काहीही असल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नका.